मंजूबेनचा रुमाल

मंजूबेन डॉक्टर लहान मुलांशी बोलताना तोंडापुढे रुमाल धरत. नव्या आलेल्या बायांना वाटे, डॉक्टरीणबाईंना आपल्या अंगाचा वास येतोय. एकीने तर बाहेरच्या बाकावर बसून फणकाऱ्याने तसं बोलूनही दाखवलं. शेजारी बसलेल्या मला हसू आवरेना. कारण तो रुमाल माझ्यामुळे आला होता, आणि त्याचा मला आजही भारी तोरा आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला आले आणि बमरोलीत संचे चालवायला लागले. संचा म्हणजे यंत्रमाग. संचे सुरू झाले की कानाशी येऊन ओरडलं तरी कळत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ आणि हात बघून बोलतात. तीच सवय घरी येते. आमच्या चाळीत साधं ‘मीठ दे’सुद्धा समोर उभं राहून, हात नाचवून, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत. आता अशा घरात एखाद्या पोराला कमी ऐकू येत असेल, तर कळणार कुणाला? मला कमी ऐकू येत होतं. आणि खरं सांगते, ते मलाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांना एवढंच ऐकू येतं, असं मी धरून चालले होते.

शाळेत मात्र बोंब होती. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि मी खिडकीबाहेर बघत बसे. शेवटी बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं की पोरगी मठ्ठ आहे. बाबा भडकले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिला गावी आजीकडे ठेवायचं, शेळ्या राखील, असं ठरलं. हे मला नीट कळलं, कारण बाबांनी ते समोर उभं राहून सांगितलं होतं. मी दोन्ही हातांनी दप्तर धरून रडले. मला शाळा फार आवडायची हो.

त्यातच माझा कान ठणकायला लागला. मायने लसणाचं कोमट तेल ओतलं, ठणका आणखी वाढला, तेव्हा कुणीतरी पर्वत पाटियाजवळच्या मंजूबेनचं नाव सुचवलं. नाक-कान-घशाच्या डॉक्टर. जाड चष्मा, ठेंगणा बांधा आणि बोलणं अस्सल सुरती. सुरती माणूस लाडात आला की शिवी देतो, आणि बेनना तर सगळ्यांचाच लाड यायचा. निम्मे पेशंट खानदेशी, म्हणून अहिराणीही उचललेली, पण गुजरातीची फोडणी घालून. “काय व्हयनं वं माय?” असं त्यांनी विचारलं तेव्हा माय बघतच राहिली. कानाला तेलाचा वास येताच मात्र बेन उसळल्या. “तेल भजियाला घालायचं, माय. कानाला नहीं!”

मग त्यांनी विचारलं, हिला ऐकायला येतं ना? माय ठसक्यात म्हणाली, “तिले समदं आयकू येस.” बेननी समोर बसून माझं नाव विचारलं, शाळा विचारली, काय खायला आवडतं ते विचारलं. मी पटापट उत्तरं दिली. बेन फसल्या. ठणक्याचं औषध लिहायला घेतलं, तेवढ्यात त्यांना शिंक आली. नाकातोंडाला रुमाल लावूनच त्यांनी मला आणखी काहीतरी विचारलं आणि मी ढिम्म. रुमाल काढला, मी बोलले. पुन्हा लावला, मी गप्प. बेननी कपाळाला हात लावला आणि स्वतःलाच एक सुरती शिवी हासडली. तेव्हापासून त्या प्रत्येक पोराला रुमालाआडूनच प्रश्न विचारू लागल्या.

नाकामागची गाठ वाढली होती, म्हणून मी तोंड उघडं टाकून घोरायचे, आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. बेनचं समजावणं त्यांच्याच पद्धतीचं. नाक घरमालक, कान भाडूत; मालकाने हवा अडवली, भाडूत गुदमरला. ऑपरेशन म्हटल्यावर बाबांचा चेहरा उतरला. मठ्ठ पोरीवर कशाला हे सगळं, असं ते पुटपुटले. तेव्हा बेन खुर्चीवरून उठल्याच.

“मठ्ठ कोण? तू गधेडा! न ऐकता एवढं समजते ही. ऐकायला लागली तर तुला विकून खाईल.”

गाठ काढली, कानातलं पाणी काढलं. मला आइस्क्रीम मिळालं, आणि ‘बरोबर कुणी खायला हवं’ म्हणून बेननीही खाल्लं, माझ्यापेक्षा जास्त. घरच्यांना त्यांनी वेगळंच औषध दिलं: हिच्याशी पाठीमागून आणि हळू बोलायचं, म्हणजे ऐकू येतं की नाही ते कळेल. माझ्या बाबांनी हळू बोलायचं! बिचाऱ्यांनी पहिल्यांदा कुजबुज केली तेव्हा शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. पण सराव काही सोडला नाही त्यांनी.

आखाजी जवळ आली असताना आम्ही तपासणीला गेलो. बेन कोपऱ्यात नळावर हात धूत होत्या. माय आणि बाबा माझ्याकडे पाठ करून दाराशी उभे होते. “आखाजीले हिले गावले धाडनं शे का मंग?” मायने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

“मी नही जाऊ,” मी खुर्चीतून म्हणाले.

दोघं गर्रकन वळले. बेननी नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच टाळी वाजवली. “चालो, माझं काम पूरू. ऐकायला लागली, उलट बोलायला पण लागली. आता तुमचं तुम्ही बघा.” हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

बाबांनी मला उचलून घेतलं. त्यांचं तोंड माझ्या केसांत होतं, ओठ काही दिसत नव्हते. “नही धाडत तुले,” ते म्हणाले, इतकं हळू की मायलाही कळलं नाही. मला स्वच्छ ऐकू आलं.