आईच्या बुबुळावरचं फूल

आईला जाऊन वर्ष होत आलं. देवाच्या कृपेविषयी लिहावं इतकी माझी श्रद्धा कधीच पक्की नव्हती, आजही नाही. पण शेवटची काही वर्षं ती मान जराशी तिरपी करून माझ्याकडे बघायची. ते बघणं मला कसं मिळालं, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिचा डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. मेंढरं, शेत, आम्ही लेकरं, सगळं तिनं एका उजव्या डोळ्यावर निभावलं. मी शहरात शाळेवर लागले, मुकुंदवाडीत खोली घेतली, तरी ती लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावीच राहिली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी आंदोलन चाललं होतं, त्या दिवसांत ती अचानक माझ्याकडे आली. चांगल्या डोळ्याच्या बुबुळावरही पांढरा ठिपका होता. दुखतं असं ती म्हणाली नाही. दुखणं सांगायची तिला सवयच नव्हती. मी शाळेच्या ग्रंथालयातलं आरोग्याचं पुस्तक काढलं आणि मोतीबिंदू ठरवून मोकळी झाले. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, असं तेव्हा सगळेच म्हणत. तो पिकेपर्यंत गावीच राहू दे, म्हणून तिला सोडायला मी मुकुंदवाडी स्टेशनवर गेले.

गाडी आली नाही. पुढे रूळ अडवले होते. बाकावर शेजारी कारखान्याच्या खाकी कपड्यांतला एक माणूस बसला होता. रात्रपाळी करून आलेला, सायकल खांबाला टेकवलेली. पदराआड डोळा पुसणाऱ्या आईकडे तो बराच वेळ बघत होता.

"मावशे, पदर काढा बरं जरा. लई पाणी येतंय."

"मोतीबिंदू हाय. माझी लेक शिकलेली हाय, तिनं पुस्तकात बघितलंय."

"पुस्तकाला लाली दिसली नसंल." तो माझ्याकडे वळला. "ताई, मोतीबिंदूला अशी लाली नसती, पाणी नसतं. आमच्या ग्राइंडिंगवाल्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, असंच पांढरं फूल धरलं बुबुळावर. काय गेलं व्हतं, मावशे?"

आई खाली बघून म्हणाली, "बाजरी उफणताना भूस गेलं. मग मी खंडोबाचा भंडारा घातला डोळ्यात. देवाची हळद, तिनं वाईट कशानं व्हईल?"

"देव देव्हाऱ्यात बरा, मावशे. डोळ्यात नाय."

आई हसली. मी मात्र तिचं गाठोडं उचलून उठले.

रिक्षा बंद होत्या. त्यानं आईला कॅरिअरवर बसवलं आणि सायकल हातानं ढकलत छावणीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाला. मी मागून चालत होते. वाटेत आईनं विचारलं, "कुणाचा रं तू?" आमच्याकडे या प्रश्नाला आडनाव सांगतात, आणि आडनावावरून जात ओळखतात. त्या दिवसांत तर सारं शहर एकमेकांकडे याच प्रश्नानं बघत होतं. मला लाज वाटली. तो म्हणाला, "आज तुमचाच समजा." आईनं पुन्हा विचारलं नाही. तिनं त्याचा सदरा घट्ट धरला.

बुबुळाला जखम होऊन ती चिघळली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर येईपर्यंत तो निघून गेला होता.

कित्येक आठवडे मी दर तासाला औषधाचे थेंब घातले. आई चाचपडत माझ्या तोंडावरून हात फिरवायची, म्हणायची, "तुझं तोंड दिसंना गं." मग एका सकाळी तिनं मान तिरपी केली, मधल्या पांढऱ्या डागाच्या कडेनं मला शोधलं, आणि म्हणाली, "वाळलीस की."

माझं पुस्तक चुकलं, तिचा भंडारा चुकला. ती म्हणायची, "देवानं चूक निस्तराया माणूस धाडला." मी वाद घातला नाही. तेव्हापासून ती रोज हात जोडून एकच मागणं मागायची, "त्या सायकलवाल्याच्या लेकराबाळांना सुखी ठेव." आता संध्याकाळी मी हात जोडते तेव्हा आधी तिलाच परत मागावंसं वाटतं. ते मिळायचं नाही, हे ठाऊक आहे. मग तिचंच मागणं तिच्याच शब्दांत मागते.