तिसरं कलम

माझा धाकटा भाऊ पोर्फिरी व्होल्गाकाठच्या आमच्या शहरात, विद्यापीठात रोमन कायदा शिकवायचा. नवरा गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहत होते. नेमणूक सरकारी, घर सरकारी, कोटाची बटणंसुद्धा सरकारी. हुद्दा लष्करातल्या कर्नलच्याही वरचा मानलेला. पण दारात बर्फावरची घसरगाडी थांबली की पोलीस आले असं वाटून हा चहा तसाच टाकून खिडकीशी जायचा.

त्या हिवाळ्यात झारविरुद्ध बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची धरपकड चालली होती. याच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक अनोळखी माणूस, बहुधा पोलिसांचा खबऱ्या, येऊन बसू लागला. एके दिवशी हा शिकवत होता, की ऐकून घेतल्याशिवाय कुणाला दोषी धरू नये. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तुमचं न ऐकता तुम्हाला नोकरीवरून काढता येतं?"

"येतं," हा म्हणाला. "मी सरकारी नोकर. नोकरीच्या नियमांतल्या तिसऱ्या कलमाखाली कारण न सांगता काढतात. दादही मागता येत नाही."

घरी येऊन हे सांगताना त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"खोटं बोललास का?" मी विचारलं.

"नाही, ताई."

"मग घाबरतोस कशाला?"

"खरं बोललो म्हणूनच."

कोबीचं सार तसंच निवून गेलं.

शेवटी शिक्षणखात्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. तो परत येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी त्याच्या पिशवीत लोकरीचे मोजे घातले. संध्याकाळी तो आला आणि टोपीही न काढता खुर्चीत बसला.

"वर्गात सांगा म्हणाले, मी चुकलो."

"मग सांग की. जिभेला काय हाड आहे?"

"असं कलमच नाही म्हणून सांगू? कायदा शिकवतो गं मी."

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या फाटकापाशी थांबले होते. तो बाहेर आला.

"सांगितलंस?"

"उभा राहिलो. तोंडच उघडेना. मग पुढचा धडा घेतला."

लवकरच आदेश आला. तिसरं कलम. कारण नाही. निवृत्तिवेतन तोंडाशी आलेलं, तेही बुडालं. घर सोडावं लागलं.

आम्ही माझ्या सासरच्या लहानशा गावी आलो. असं काढलेल्याला शिकवायची परवानगी मिळत नसे, म्हणून तिथं औषधवाल्याच्या दोन मुलींना तो घरीच गुपचूप लॅटिन शिकवू लागला. ओळखीचे लोक आम्हाला पाहून रस्ता बदलायचे.

"आता तरी भीती गेली का रे?" मी एकदा विचारलं.

"काढून घ्यायला काही उरलं नाही, तरी जात नाही, ताई."

असं म्हणून त्यानं खिडकीचा पडदा ओढला आणि मुलींना पुढचं क्रियापद चालवायला सांगितलं.