न खुडलेल्या मशरूमची खोली

अलका रोज सकाळी बसनं परदेशी जायची. असं ती स्वतःच सांगायची. तिचा परदेश फरीदाबादच्या पुढे होता, बल्लभगढ मागे पडलं की मोहरीच्या शेतांमध्ये. तिथल्या कारखान्यात पिकणारं सगळं मशरूम डबाबंद होऊन बाहेरच्या देशांत जायचं. इथल्या बाजारात एक डबाही विकायला परवानगी नव्हती.

"म्हणजे फाटकाच्या आत अमेरिकाच की," ती म्हणायची. "व्हिसा नको, काही नको."

ती दिल्लीतल्या पहाडगंजची. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, शाळा तिथलीच, मराठी. लग्न होऊन फरीदाबादला आली. मुलगा हॉस्टेलला गेला आणि घर एकदम मोठं झालं. त्या वर्षांत शेतांचे सेक्टर होत होते, नव्या कंपन्यांच्या जाहिराती रोज येत होत्या, आणि लोक मुलाखतीला लग्नाला जावं तसे नटून जात होते. चाळिशीला टेकलेली अलकाही गेली. नोकरी मिळाली.

सासूबाईंना पटेना. "कुत्र्याच्या छत्र्या वाढवायला पगार देतात?"

"देतात, आई. वर बसही पाठवतात."

खोल्यांमध्ये अंधार असे. बाहेर लू वाहत असली तरी आत हिवाळाच. एकावर एक फळ्या, फळ्यांवर काळी माती, आणि कपाळावरचा दिवा फिरवला की त्या मातीत पांढरी डोकी. ओल्या लाकडाचा वास यायचा. अलका हळू चालायची. इथं कुणीतरी झोपलंय, असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत आलं होतं. स्वप्नातही ती त्या फळ्यांमधून चालायची, आणि फळ्या संपायच्या नाहीत. सकाळी चहाच्या वेळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं.

"स्वप्नातला ओव्हरटाइम देतात का?" भालचंद्रनं पेपरामागून विचारलं.

खुडायचं ते मिटलेलं, घट्ट, गोल. डब्यात तेच चालायचं. टोपीखालचा पातळ पडदा फाटला की माल वाया. शिवाय उघडलेल्या मशरूममधून तपकिरी भुकटी झडते आणि तिच्यातून एका खोलीतला रोग दुसऱ्या खोलीत जातो. म्हणून एखादं कोपऱ्यात राहून गेलं आणि उघडू लागलं, तर ते लगेच औषधाच्या बादलीत. इतकी वर्षं खुडून अलकानं पूर्ण उघडलेलं मशरूम कधी पाहिलंच नव्हतं.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात अमेरिकेच्या सरकारनं या डब्यांवर जादा कर बसवला. ही बातमी मयुरानं आणली. मयुरा पुण्याची, साहित्यात एम.ए., दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहायची आणि कंपनीची परदेशी पत्रं लिहायची. अलकाला ती अलकाताई म्हणायची.

मग ऑर्डरी थांबल्या. एकेक खोली रिकामी करून वाफेनं धुऊन काढली. वाफ सोडली की आत काही जिवंत राहत नाही. शेवटी एकच खोली उरली. तिच्यातलं पीक नुकतंच बटणाएवढं झालं होतं. त्याला कुठे काय माहीत.

शुक्रवारी दुपारी कारखाना सांभाळणारे खुराणासाहेब म्हणाले, "आज इसे भी स्टीम दे दो."

"सर, सोमवार तक रुक जाइए," अलका म्हणाली.

"क्यों? कौन खरीदेगा?"

"कोई नहीं. मुझे देखना है. पूरा खुलने पर कैसा होता है."

साहेबांनी मयुराकडे पाहिलं. "ये क्या कह रही हैं?"

"जो आपने सुना, सर."

"और पाउडर उड़ेगा तो?"

"बाकी सब कमरे खाली हैं, सर," अलका म्हणाली. "अब बीमारी किसको लगेगी?"

साहेबांनी रिकाम्या खोल्यांच्या रांगेकडे पाहिलं. त्या खोल्या त्यांनीच उभ्या केल्या होत्या. "सोमवार सुबह," ते म्हणाले. "वाल्व तुम खोलोगी. मैं नहीं."

रविवारी अलकाकडून आमटीत मीठ घालायचं राहिलं. भालचंद्रनं वरून घालून घेतलं.

सोमवारी अलका आणि मयुरानं नाकाला ओढण्या बांधल्या आणि दार उघडलं.

पांढरं कुठे उरलंच नव्हतं. टोप्या बशांएवढ्या पसरल्या होत्या, एकमेकींना रेटत, तिरक्या, काठाला चिरलेल्या. खाली काळसर तपकिरी पापुद्रे, पुस्तकाच्या पानांसारखे दाट. वरच्या फळीवरून भुकटी खालच्या टोप्यांवर पडत होती आणि तिथं मखमल साचली होती. वारा नव्हता. तरी दिव्याच्या झोतात भुकटीचा धूर वर जाताना दिसत होता, सावकाश, खोलीभर.

दोघी उभ्याच राहिल्या.

"बोल की काहीतरी," अलका हलकेच म्हणाली. "साहित्याची ना तू?"

"काय बोलू, अलकाताई?"

अलकानं एका टोपीला बोट लावलं. कानाच्या पाळीसारखी मऊ, गार. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिला लाज वाटली, थोडीशी. रोज ज्यांच्यामधून वावरलो त्यांचं नावगाव आज विचारल्यासारखी.

खुराणासाहेब दारात आले होते. आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "अच्छा. तो ये ऐसा होता है."

"हाँ, सर."

"चलो फिर."

अलका बाहेर आली, दार लावलं, कडी नीट बसली का ते पाहिलं. वाल्वचं चाक गार होतं. तिनं ते अर्धं फिरवलं आणि थांबली. साहेब दुसरीकडे बघत होते. मग तिनं उरलेलं फिरवलं.

पाइपात वाफ शिरल्याचा आवाज झाला. दोघी पायरीवर उन्हात बसल्या. मोहरी फुलली होती. हळूहळू दाराच्या फटींतून वास यायला लागला, दाट, गोडसर, पातेल्यात काही शिजत असल्याचा. मयुरानं ओढणी सोडली, तिच्यातून तपकिरी रेघ उडाली.

"भूक लागली गं," अलका म्हणाली, आणि रडायला लागली.