औषध लागलं

धानावर तुडतुडा आला तेव्हा काका मजुरीनं फवारायला गेला. आम्ही तळ्यावर जगणारी माणसं, पाठीवरच्या पंपाची सवय नाही. टाकी गळत राहिली, विष पाठीवरून अंगात मुरलं. बांधावरच पडला, तोंडाला फेस. भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती केलं.

घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, म्हणून डॉक्टरीणबाई मलाच समजावून सांगत. सुईनं लाळ आटते, छातीतलं पाणी आटतं, मग श्वास चालतो. श्वास चाललाही. पण दुसऱ्या दिवशी काकाचा चेहरा लालबुंद, जीभ कोरडी. खाटेवर बसून तो हवेतल्या जाळ्यातून मासे सोडवत होता.

"टोपली धर न वं! झिंगे चालले निसटून."

काकू हसली. "जनमभर भेटले नाई येवढे झिंगे, दवाखान्यात भेटून रायले!"

मग तो तिलाच ओळखेना. तिचं हसू गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, औषध लागलंय. जरा जास्तच लागलंय. कमी करू, पण बंद करता येणार नाही."

आमच्याकडे माणसाला 'लागलं' म्हणजे बाहेरचंच लागलं. काकूनं पुढचं ऐकलंच नाही.

"पाय, डाक्टरीनच म्हनते, लागलं म्हनून! पुजाऱ्याकडं नेतो याले."

"काकू, सुईचा भ्रम हाय हा. उतरते. आता नेशीन तर काका मरन."

"तू शिकला, त आमी का गोटे हाओ? सुई देल्यावरच बिघडला ना मानूस?"

ते खरंच होतं. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, तिच्यात ऐकायची जागा उरली नव्हती. नवरा तिचा. तिनं 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशा कागदावर अंगठा दिला, गाडी बोलावली. मीही बसलो.

अड्याळच्या पुढं एका पुजाऱ्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला. संध्याकाळी काका भानावर आला. काकूला ओळखलं, पाणी मागितलं. जमलेल्या बाया पुजाऱ्याच्या पाया पडल्या. काकू पदरानं त्याची लाळ पुसत होती. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या भरती केलं तेव्हासारख्याच टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. सुई उतरली होती. विष तसंच होतं.

"गाडी काढा!" मी ओरडलो.

लाळ थांबेना, छाती घरघरू लागली, तेव्हा काकूही 'कायले' म्हणाली नाही. भंडारा यायच्या आत काका गेला.

काकू अजून सांगते, "पुजाऱ्यानं बरा केलता. बोलला माह्यासंग. या शिकलेल्यानं परत गाडीत घातला."

मी तिला अडवत नाही. पण कोणी मला विचारलं, तर तिच्यासमोरच सांगतो, काका शुद्धीवर कशानं आला ते.