शिंदेच्या पायाची फेरतपासणी

सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर, डब्लिनचा हिवाळा. ओंगार या उपनगरातल्या बागेत मी आणि शिंदे रोज एका बाकावर बसतो. दोघेही एकाच पलटणीचे निवृत्त हवालदार, आता मुलांकडे राहतो. दोन फौजी बसले की किस्से साचतात. झाडले तरी जात नाहीत. या वेळचे सगळे शिंदेच्या पायाचे आहेत.

बर्फातल्या चौकीवर त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली. त्याची अपंगत्वाची पेन्शन फेरतपासणीसाठी अडली. मुलापुढे हात पसरणं त्याला जमणारं नव्हतं.

*

आधी जिवंत असल्याचा दाखला. मोबाइलसमोर पापण्या मिटायच्या, एवढंच काम. शिंदे ताठ बसला. ॲप त्याला जिवंत मानेना. नातू ओरडला, "आजोबा, ब्लिंक!"

शिंदे म्हणाला, "सावधानमध्ये डोळे हलत नाहीत."

*

मग इथल्या डॉक्टरांचा अहवाल. पाय कसा आहे, असं त्यांनी विचारलं. इथे कुणी काहीही विचारलं तरी "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणायचं, हे शिंदे शेजाऱ्यांकडून शिकला होता. तेच म्हणाला. बूट काढायची वेळच आली नाही. डॉक्टरांनी लिहिलं, तक्रार नाही.

*

सुनेने पुन्हा वेळ घेतली. बाबा, या वेळी लंगडत आत जा, असं बजावलं. बाहेर तो बरा लंगडला. दार उघडलं, डॉक्टर उभे दिसले आणि हा छाती काढून परेड करत आत गेला. शेवटी सुनेनेच त्याचा बूट ओढून काढला.

*

बोटं नाहीत, हे मान्य झालं. पण ती ड्यूटीवर गेली कशावरून, असं पेन्शन कार्यालयाने विचारलं. साक्षीदार मी एकटाच उरलोय. कार्यालयातल्या साहेबांपुढे व्हिडिओवर सुनावणी होती. मी मेडल लावून बसलो. इतकं जुनं तुम्हाला आठवतं कसं, असं साहेबांनी विचारलं.

मी मोजे काढले आणि पाय टेबलावर ठेवले. "साहेब, माझी सगळी बोटं शाबूत आहेत. त्या दिवशी माझे मोजे भिजले होते. शिंदेने आपले कोरडे काढून मला दिले."

साहेबांनी ते लिहून घेतलं. नंतर माझा मुलगा म्हणाला, "बाबा, मेडल दिसलंच नाही. स्क्रीनभर पायच होते."

*

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पेन्शन मंजूर झाली, थकबाकीसकट. शिंदेने बाकावर सांगितलं. मी बरं म्हणालो. तो थोडा वेळ कुत्री फिरवणारी माणसं बघत बसला.

मग म्हणाला, "सरकारने माझं देणं दिलं. तुझं राहिलंय, मोरे."

दुसऱ्या दिवशी मी लोकरीचे मोजे नेले. शिंदेने तिथेच बूट काढले आणि मोजे पायात चढवले.