जावयाला भाड्यानं खोली मिळत नाही

आता माझ्या अकलेचं काय कौतुक सांगू! आधी चहा घ्या, मग पोटभर हसा.

मी शहागडचा. जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. पाळी सकाळी सहाची. साहेबांनी साफ सांगितलं, "सोमवारपर्यंत जालन्यात राहायची सोय कर, नाहीतर दुसरा माणूस घेतो." शनिवारी सकाळपासून मी खोली शोधत फिरत होतो. एकटा पोरगा म्हटलं की लोक दारच लावून घेत.

बदनापूरच्या मित्रानं फोनवर अक्कल शिकवली, "अरे, इथं वळख लागते! मालकानं कोणतंबी नाव घेऊ दे, तू बराबर हो म्हण."

एका घरावर 'खोली भाड्याने देणे' अशी पाटी दिसली. मालक, म्हणजे नाना, ओसरीवरच बसले होते.

"कुठले पाव्हणं?"

"शहागडचा."

"शहागड? आमच्या चुलतभावाची, तीर्थपुरीच्या भानुदासची, धाकटी लेक तिथंच दिली. वळखता?"

"वळखतो म्हंजे? घरचेच की!"

नानांनी चष्मा वर केला. "म्हंजे भानुदासचे जावई तुम्हीच? लग्नाला यायला मला जमलं न्हाई बघा."

अहो, माझं लग्नच झालेलं नाही! पण डोळ्यांपुढे सोमवार होता. मी मान हलवली.

मग काय विचारता! "अगं, जावईबापू आले!" काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं. शिरा झाला, पुऱ्या झाल्या. शेजारणी दारातून डोकावून जावई बघून गेल्या. जेवण उरकल्यावर कपाळाला कुंकू लावून टॉवेल-टोपी! ती टोपी घालून मी हळूच विषय काढला.

"नाना, ते खोलीचं…"

"कोणाला पाहिजे?"

"मलाच."

नानांचा चेहराच पडला. "जावयाकडून भाडं घेऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"मंग तसाच राहतो की!" मी निर्लज्जासारखा म्हणालो.

"घरजावई म्हणून? भानुदास काय म्हणंल? थांबा, त्यालाच इचारतो."

मी नको नको म्हणेपर्यंत फोन लागला. तोही स्पीकरवर!

"भानुदास, तुझे धाकटे जावई आलेत इथं."

"माझे? ते तर माझ्याशेजारी बसून जेवून राह्यले!"

मी टोपी काढून हातात घेतली. "नाना, चुकलो. मी कोणाचाच जावई न्हाई. तुमच्या नात्यातला तर बिलकुल न्हाई. हातचं काम जाईल म्हणून खोटं बोललो."

"म्हंजे तुम्ही आमचे कोणीच न्हाई?"

"कोणीच न्हाई!"

नाना जल्दी उठले, खुंटीवरची किल्ली काढली. "मंग हे आल्या आल्या सांगायचं ना! चला, खोली दाखवतो."

तर खोली मिळाली, काम टिकलं. पण त्या शेजारणींना खरं कोण सांगणार? सगळी गल्ली मला जावईबापूच म्हणते.

परवा मामांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मुलीकडचे चौकशी करायला आमच्या गल्लीत आल्ते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं त्यांना अगदी मोकळ्या मनानं सांगितलं, "जावईबापू का? लई चांगला माणूस! फक्त बायकोला कधी आणत न्हाई."