माझ्या गच्चीवरचं ऊन

ईशान, रेवा — हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही, आणि ते तर माझ्या वह्यासुद्धा वाचायचे.

मग आत्ताच का? गेल्या रविवारी तुम्ही फोनवर तो कागद दाखवलात. तळ्याकाठच्या लाकडी घरावर सोलर बसवायचं, बॅटरी किती घ्यायची, आणि "आजी, तू तर एक्स्पर्ट, तपासून दे ना!" मी "पाठवते" म्हटलं. चार दिवस झाले. काम दहा मिनिटांचं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, मलाही लिहायला. पण इंग्रजीत मला फार नीटनेटकं लिहिता येतं — नको तितकं. म्हणून मराठीत. अडलात तर आईला विचारा.

तुम्हाला माहीत असलेली गोष्ट अशी. आजी शाळेत फिजिक्स शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिच्या महिला मंडळाने सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर, जिथे विजेची तार पोचली नव्हती, नर्सबाईंच्या खोलीला सोलर बसवलं. सगळा हिशेब आजीने केला. हे खरं आहे. दिवाळीत फीत कापतानाचा माझा फोटोही खरा.

फोटोत माझ्या डावीकडे हिरव्या साडीतली एक बाई आहे. तिचं नाव तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. मंजुळा. खोलीशेजारीच तिचं घर. किल्ली तिच्याकडे असायची. पॅनल पुसायचे, दर सोमवारी बॅटऱ्यांतलं पाणी बघायचं, आणि पॅनल-बॅटरीच्या मधल्या कंट्रोलरच्या डब्यावरचे दोन आकडे — आत किती करंट आला, बाहेर किती गेला — रोज दुपारी वहीत उतरवायचे. हे तिला मीच शिकवलं. शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे छापल्यासारखे. दिवाळी झाली की तिच्या पाड्यावरची निम्मी माणसं द्राक्षबागांत कामाला उतरतात. या किल्लीमुळे मंजुळा त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या घरी राहिली होती.

आता माझा हिशेब. दिवे, पंखा, औषधांचा छोटा फ्रीज — दिवसाला बाराशे वॅट-तास. बारा व्होल्टवर शंभर अँपिअर-तास. बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही, म्हणून दोनशे. पॅनलच्या हिशेबाने चार्ज कंट्रोलर सत्तावीस अँपिअरचा पुरला असता. मी चाळीसचा घेतला. थोडी जागा राखावी लागते, हे मी मंडळात दोनदा समजावून सांगितलं. केवढी काळजी! पण उन्हाचा आकडा मी कुठून आणला? आमच्या गच्चीवरून. इथे, नाशिकला, जिथे मी कुरडया वाळवते, तिथे मे महिन्यात उन्हाचे तास मोजले. पावसाळ्यातही आपल्याकडे एक-दोन दिवसांनी ऊन डोकावतंच, म्हणून बिनउन्हाचा एकच दिवस धरला. सुरगाण्याच्या डोंगरांवर आषाढात ढग बसले की पंधरा-पंधरा दिवस उठत नाहीत. तिथलं लहान पोरही सांगेल. मी विचारलंच नाही कोणाला. मंजुळा समोर उभी होती — तिलाही नाही.

आषाढात फ्रीज बंद पडू लागला. श्रावण संपेपर्यंत बॅटऱ्या गेल्याच. नर्सबाईंना आतली औषधं टाकून द्यावी लागली. नाशिकच्या अंबडहून बॅटरीचा मिस्त्री नेला. त्याने तपासून मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, उपाशी राहून मेल्यात. एकतर कोणी जास्त ओढलंय, नाहीतर त्या भरल्याच नाहीत."

त्याच दुपारी खोलीच्या ओट्यावर बैठक झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी त्याचं अर्धंच वाक्य सांगितलं. "जास्त ओढलं गेलंय."

नाव घेतलं नाही मी. घ्यायची गरज होती का? किल्ली कोणाकडे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच! मंजुळेच्या घरचे मोबाईल लय टवटवीत दिसतात!" माणसं हसली. मंजुळा उठून उभी राहिली. "बाई, मी कुनाचा मोबाईल लावू दिला नाय. सख्ख्या भावालाबी नाय. वही बघा की." वही माझ्या पिशवीतच होती. "घरी जाऊन बघते," मी म्हटलं. आमच्या अध्यक्षांनी तिच्याकडून किल्ली मागून घेतली. तिने ती कमरेची सोडून दिली.

घरी आल्यावर मी वही बघितली. बाहेर जाणारा आकडा रोजच्यासारखाच किंवा कमी, एका दिवशीही वाढलेला नाही. आत येणारा — आषाढापासून तीन, दोन, एक, पुन्हा एक. कंट्रोलर चाळीस अँपिअर घ्यायला तयार, आणि यायलाच काही नाही. मला कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग मी काय केलं? नवा हिशेब मांडला. बॅटऱ्या चौपट, पॅनल दुप्पट. कारणाच्या जागी लिहिलं — "वाढलेला वापर लक्षात घेऊन." शब्द माझे, अक्षर माझं. ती दुसरी व्यवस्था उत्तम चालली. तुम्ही कौतुक करता ती हीच.

दसऱ्याच्या सुमारास मंजुळा इथे, नाशिकला आपल्याकडे आली. आधी जीप, मग एसटी. नागलीचे पापड घेऊन. बसली आणि विचारलं, "बाई, वही बघितली?"

"नाही गं, वेळच झाला नाही."

तिने पापडांची पिशवी माझ्याकडे सरकवली. चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला आणि गेली. दिवाळीनंतर ती द्राक्षबागेत कामाला उतरली.

मी कोणाला भ्यायले? मंडळातल्या बायका मला काय बोलणार होत्या? बत्तीस वर्षं मुलींच्या वह्यांत लाल पेनाने चुका दाखवल्या मी. त्यांतल्या एकीनेही चूक माझ्यापासून लपवली असती, तर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. मंजुळेला मी पाड्याबाहेर घालवलं.

तुमच्या कागदात बिनउन्हाचे दिवस दोन धरलेत. ते तिथल्या एखाद्या जुन्या रहिवाशाला विचारून घाला. बाकी आकडे बरोबर आहेत.

गेल्या महिन्यात नर्सबाई भेटल्या. पाड्यावर आता विजेची लाइन आली आहे. पॅनल उतरवले, बॅटऱ्या भंगारात गेल्या. मंजुळा सिन्नरला लेकीकडे असते, असं त्या म्हणाल्या. मी पत्ता विचारला नाही. पाड्यावर तिच्या घराला अजूनही "चार्जिंग-चोरणीचं घर" म्हणतात.